निवायला ठेवलेला जोड

"या विश्वात सुटं असं काहीही नाही! प्रत्येक वस्तू कशाला ना कशाला जोडलेली आहे, आणि तो जोड पक्का आहे म्हणूनच हे जग आपल्या पायांवर उभं आहे," असं म्हणून सरांनी टेबलावर हात टेकला आणि टेबल डावीकडे कललं. खडूंचा डबा घरंगळत जाऊन पहिल्या बाकावरच्या, सगळे लांब्या म्हणत त्या उंच पोराच्या मांडीवर विसावला. टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी निसटली होती. निरनिराळ्या जातींची पोलादं कशी जोडावीत याचं वरच्या दर्जाचं शिक्षण देणारी ती संस्था होती. तिथे सरांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाला वेल्डिंग येत होतं. आणि त्यामुळेच की काय, त्या टेबलाचा आखूड पाय नेमका कुणी जोडावा हे ठरायचं वर्षानुवर्षं राहून गेलं होतं. वर्ग मनापासून हसला. फक्त मागच्या बाकावरचा टेलर हसला नाही. सरांना वर्गात हसू नये आणि जावयाला घरात हसू नये. आणि सर हे त्याचे जावई होते. म्हणजे त्याला हसायला जागाच उरली नव्हती.

टेलर काही कपडे शिवत नसे. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात तो उभं आयुष्य वेल्डिंग करत आला होता, आणि त्याच्या जोडावरची रेघ शिलाई मशीनच्या टाक्यांसारखी एकसारखी उतरते म्हणून फार वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला टेलर म्हटलं, ते चिकटलं. तो स्वतःही त्या रेघेला शिवण म्हणे. कारखान्यात नवा साहेब आला की त्याला टेलरची शिवण दाखवायला आणत, जशी नव्या घरात पाहुण्याला आधी बाल्कनी दाखवतात. पण आता कारखान्यात निराळ्या पोलादाचे पाइप यायला लागले होते, साध्या लोखंडाचे दिवस भरत आले होते, आणि जुन्या वेल्डरांनी हा अभ्यासक्रम पास व्हावा, नाहीतर मुकाट कुंपणं आणि जाळ्या बनवणाऱ्या शेडमध्ये जावं, असं वरून ठरलं. संस्था होती लेक राहते त्या शहरात. राहायची सोय लेकीकडे. शिकवायला जावई. "अहो, यापेक्षा घरगुती आणखी काय असतं?" बायको म्हणाली होती. टेलरला मात्र त्यात घरगुती काही दिसत नव्हतं.

कारण लेक त्याच्याशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं. अबोलाही म्हणता आला नसता. अबोल्याचं निदान दोन्ही बाजूंना माहीत असतं. ती त्याचं सगळं करत होती. त्याचा टॉवेल वेगळ्या खुंटीला लावत होती, त्याच्या चहात साखर कमी घालत होती, उन्हाचं बाहेर पडताना टोपी हाताशी येईल अशी ठेवत होती. फक्त त्याच्याशी सरळ बोलत नव्हती. "अहो, बाबांना विचारा, अजून वाढू का," असं ती नवऱ्याला म्हणे, आणि टेलर तिच्या समोर हाताच्या अंतरावर बसलेला असे. जावई घास गिळून विचारत, "मामा, अजून वाढू का म्हणतेय." "नको म्हणावं." "नको म्हणतायत." अशी ती वाक्यं टेबलावरून तिरकी प्रवास करत. जावई हे काम निर्विकारपणे करत; शिक्षक असल्यामुळे एकच गोष्ट दोनदा सांगायची त्यांना सवय होती. अभ्यासक्रम संपायच्या आत तिनं एकदा, एकदाच, आपल्याकडे बघून 'बाबा' म्हणावं, एवढं टेलरला हवं होतं. परीक्षा वगैरे लोकांना सांगायला होतं. पोटातलं कारण हे होतं.

घरातली दुसरी एक गोष्ट त्याला खुपत होती, ती म्हणजे बाल्कनीतला कपडे वाळत घालायचा लोखंडी स्टँड. त्याचा एक पाय मधोमध तुटला होता आणि परकराच्या नाडीनं बांधून ठेवला होता. वेल्डिंग शिकवणाऱ्या माणसाच्या घरी! ओले कपडे टाकले की तो स्टँड गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यासारखा हळूच एका अंगावर जाई. पहिल्याच आठवड्यात टेलर म्हणाला होता, "जावईबापू, म्हणावं तिला, हा मी नेतो उद्या, जोडून आणतो." जावयांनी मान वळवली. आतून आवाज आला, "असू दे म्हणावं. चालतंय." "असू दे म्हणतेय, मामा." टेलरनं ऐकलं होतंच, पण रीतसर पोचेपर्यंत थांबून मग त्यानं मान हलवली.

सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून निघत. पण वर्गात नातं कळायला नको, पक्षपाताचा आळ यायला नको, म्हणून संस्थेच्या आधीच्या वळणावर, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी, टेलर उतरे आणि उरलेलं अंतर चालत जाई. त्याचा परिणाम असा व्हायचा, की सर वेळेवर पोचत आणि टेलरला रोज उशीर होई. "आज पुन्हा उशीर?" सर हजेरीवरून मान वर करून विचारत, त्यांच्या तत्त्वात बसत नसे न विचारणं. "वाहन मिळालं होतं सर," टेलर म्हणे, "पण शेवटपर्यंत नाही." वर्ग हसे. सरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. घरी परतताना स्कूटरवर ते फक्त एवढंच म्हणत, "मामा, उद्यापासून जरा भरभर चाला."

तर त्या दिवशी टेबल पुन्हा पुठ्ठ्यावर उभं राहिलं. त्यावर सकाळच्या चाचणीचे तुकडे मांडले गेले आणि दुपारचा चहा आला. प्रत्येकानं त्या नव्या, हट्टी जातीच्या पोलादाच्या दोन पट्ट्या जोडल्या होत्या. टेलरचा तुकडा मधोमध होता. शिवण अशी उतरली होती, की लांब्यानं त्यावरून नखाचं टोक फिरवून "टर्र" असा आवाज काढून दाखवला. जे बोलत नाहीत तेही दोन शब्द बोलून गेले. टेलर कपात फुंकर घालत, आपल्याला काही ऐकू येत नाही असा चेहरा करून, एकेक शब्द वेचत होता. आणि तेवढ्यात टिंग असं वाजलं. मोठं काही नाही. काचेच्या पेल्याला चमचा चुकून लागावा तेवढंच. सगळ्यांनी आपापल्या कपाकडे पाहिलं. मग लांब्या वाकला आणि म्हणाला, "गेला." टेलरच्या शिवणीच्या अगदी कडेनं, इकडून तिकडे, केसासारखी एक रेघ गेली होती. कुणी हात लावला नव्हता. कुणी तिकडे बघतही नव्हतं.

"टेबल हललं म्हणून," टेलर म्हणाला.

सरांनी तुकडा उचलला, उजेडात धरला. "पाण्यात घातला होता?"

"जरासा."

"जरासा म्हणजे किती?"

"बुडेल इतका."

सर समजावू लागले. आवाज वाढवून नव्हे. तो त्यांचा स्वभावच नव्हता. साधं लोखंड मऊ मनाचं असतं, ते म्हणाले, त्याला लालबुंद असताना पिंपात बुचकळलं तरी ते मनावर घेत नाही. हे पोलाद तसं नाही. याला आधी हळूहळू तापवावं लागतं, काम झाल्यावर हळूहळू निवू द्यावं लागतं, हवेची झुळूकही लागू न देता. तुम्ही पाणी ओतलंत की ते निवल्यासारखं दिसतं, पण निवलेलं नसतं, आकसून कडक झालेलं असतं. "वरून शिवण सुंदरच राहते. ताण आत कोंडतो. मग तासांनी, कधी दोन दिवसांनी, कुणी बोटही न लावता..." टेलरनं चमकून वर पाहिलं. हे घरचं बोलतायत की काय? पण सरांच्या चेहऱ्यावर पोलादाखेरीज दुसरं काही नव्हतं. जगातल्या कुठल्याही गोष्टीची ते पोलादाशी तुलना करत. पोलादाची तुलना मात्र दुसऱ्या कशाशी करणं त्यांना कमीपणाचं वाटे. "शुक्रवारी पुन्हा एकदा," ते म्हणाले. "शेवटची संधी. बाहेरचे परीक्षक सोमवारी तपासतील. मी नाही तपासणार."

तो टिंग टेलरच्या कानात राहून गेला. संध्याकाळी आंघोळ करताना, केसांना तेल लावताना, उशीवर डोकं ठेवताना तो ऐकू येई आणि दर वेळी त्याला वाटे, हा आवाज आपण आधी ऐकलाय. कुठे, ते आठवेना. जिभेच्या टोकावर नाव यावं आणि माणूस समोरून निघून जावा तसं होई. मग एकदा जेवताना लेकीनं पाण्याचं तांब्याभांडं ठेवलं, "अहो, बाबांना पाणी द्या," म्हणाली, आणि त्याला आठवलं. लग्नानंतर दोनेक महिन्यांनी ती माहेरी आली होती. दुपार होती. ती सफरचंद चिरत होती. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, पंखा कमी करू का?" आणि ती खाली बघूनच म्हणाली, "बाबांना विचार ना." टेलर तिच्या समोर बसला होता. सुरी बशीला लागली. तेवढंच. कुणी रागावलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं, सगळं छान चाललं होतं, सफरचंदसुद्धा गोड होतं. त्या क्षणापासून आजपर्यंत ती त्याच्याशी सरळ बोलली नव्हती, आणि तेव्हा त्यानं मनाशी म्हटलं होतं की सासरचा थकवा असेल.

लग्नाच्या वेळचं म्हणाल तर एकाच संध्याकाळचं प्रकरण. हेच जावई तेव्हा जोड तपासणारे म्हणून कारखान्यात येत आणि त्यांनी टेलरचा एक जोड नापास केला होता. दिसायला देखणा, पण आत एक पोकळी, असं म्हणाले होते. टेलरनं ती गोष्ट पोटात ठेवली होती, जशी मुलं तोंडात लिमलेट ठेवतात, न चावता. आणि काही महिन्यांनी लेकीनं घरी येऊन सांगितलं की मुलगा हा. टेलर ताडकन उठला. "माझ्या जोडात पोकळी काढणारा माझ्या घरात?" ती म्हणाली, "बाबा, पोकळी होती की नव्हती?" मग जे झालं ते घर हलवणारं झालं. तीही तापली, तोही तापला, बायको दोघांच्या मध्ये हातात पोळपाट घेऊन उभी. लेक डोळ्यांत पाणी आणून काहीतरी सांगत होती, तिचं वाक्य अर्ध्यात होतं. "तुम्हाला कधी माझं ऐकून..." असं काहीसं. आणि टेलर म्हणाला, "ठीक आहे. करा लग्न. विषय संपला. वाढा आता." आणि खरोखरच जेवायला बसला. आपण किती मोठ्या मनानं मिटवलं, याचं त्याला त्या रात्री कौतुक वाटलं होतं. ते अर्धं वाक्य कुठे गेलं हे त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. लग्नात तो सगळ्यांना हसून पाणी देत फिरला. सगळे म्हणाले, काय सुरेख झालं.

संस्थेत त्याच्या शेजारच्या पडद्याआड एक ताई काम करत. दूध तापवायच्या मोठ्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यातून त्या आल्या होत्या. वय लेकीएवढं, पण स्टेनलेसमधला हात असा, की सरही त्यांच्या पाठीशी उभे राहून बघत आणि काही न बोलता पुढे जात. स्टेनलेसला साध्या लोखंडावर फिरवलेला ब्रश लागू द्यायचा नाही, त्याचा गंज याला चिकटतो, हे टेलर त्यांच्याकडून शिकला. तेही तेव्हा, जेव्हा त्यानं चुकून त्यांचा ब्रश उचलला आणि त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. "काका, तो माझा टूथब्रश आहे असं समजा." एकदा स्टेनलेस आणि साधं लोखंड एकमेकांना जोडायचा धडा होता. दोघांपैकी कुणाचाच रॉड चालत नाही, सर म्हणाले, तिसराच घ्यावा लागतो, दोघांशी पटणारा. "म्हणजे सासूबाई," लांब्या म्हणाला. "सासूबाई कधीपासून दोघांशी पटायला लागल्या?" ताई म्हणाल्या. वर्ग पुन्हा हसला, आणि टेलरला एकाएकी जावयांची दया आली. रोज जेवताना दोन वितळत्या टोकांमध्ये आपण एका माणसाला धरून ठेवलंय आणि तो बिचारा थेंब थेंब झिजतोय, असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. त्यानं ते झटकून टाकलं. उपमा हा सरांचा प्रांत होता.

"काका, पण तुम्ही पाण्यात घालताच का?" ताईंनी एकदा विचारलं. "साध्या लोखंडालाही गरज नसते त्याची."

"सवय."

"सवय लागते कशी पण?"

कशी लागते? टेलर हातमोजा काढून बघत राहिला. कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा उस्ताद तर पाण्याच्या पिंपाला शिवत नसे. मग हळूहळू, धूर विरावा आणि मागची भिंत दिसावी तसं, ते त्याला दिसलं. सुरुवातीच्या दिवसांत घराला लागूनच त्याची छोटी शेड होती आणि लेक दाराच्या चौकटीत बसायची. ठिणग्या उडताना तिला डोळे मिटून बसायला सांगितलेलं असे. ती इमानदारीनं दोन्ही तळहात डोळ्यांवर धरून बसायची आणि विचारायची, "झालं?" "नाही." "आता?" "थांब." आणि काम संपलं की तो चिमट्यानं तुकडा उचलून पिंपात घालायचा. चर्रर्र! पांढरी वाफ वर यायची आणि ती हात काढून टाळ्या वाजवायची. "पुन्हा!" पुन्हा कसं करणार? मग तो पुढचा जोड जरा लवकर संपवायचा. सगळा दिवस त्या चर्रसाठी चालायचा. ती शाळेत जायला लागली, दारात बसायची थांबली, पण हात थांबला नाही. आणि त्याच पिंपाच्या पाण्यानं तो तिचं तोंड धुवायचा. ती सायकलवरून पडली, गुडघा फुटला, रडत आली की तिला उचलायचं, पाण्याचे हबके मारायचे, "झालं. संपलं. काही नाही झालं." ती गप्प व्हायची. ओल्या चेहऱ्यानं, भुवयांवरून पाणी ठिबकत, आश्चर्यानं त्याच्याकडे बघत राहायची. जणू तिचं रडू कुणीतरी तिच्या हातातून काढून घेतलं होतं आणि ते कुठे ठेवलं हे तिला सापडत नव्हतं. टेलरला ती नजर आता दिसली. तेव्हा त्याला वाटलं होतं, किती शहाणी पोर, लगेच थांबते.

"लागते," तो ताईंना म्हणाला. "कशी ते कळत नाही."

शुक्रवार उजाडला. भट्टीत शेकलेले रॉड त्यानं गरम डब्यातून एकेक काढले. पट्ट्या गॅसच्या ज्योतीनं हळू तापवल्या, ठरावीक उष्णतेलाच वितळणारा तो खास खडू त्यावर ओढून पाहिला. तो वितळत नव्हता, वितळत नव्हता, आणि टेलरचं सगळं अंग म्हणत होतं, चल रे, किती वेळ? मग खडू लोण्यासारखा झाला. तोंडावरच्या काचेआडून त्याला फक्त तो हिरवट उजेड आणि त्यातलं ते छोटं वितळलेलं तळं दिसत होतं. तापलेल्या तुकड्याची धग मनगटाला लागत होती, घाम पापणीवर येऊन थांबला होता, हात नेहमीसारखा चालत नव्हता. शिवण वाकडी गेली. एका ठिकाणी फुगली. पहिल्या वर्षाच्या पोरासारखी. त्यानं ती तशीच पुढे नेली. संपलं तेव्हा त्यानं काच वर केली, चिमट्यानं तुकडा उचलला आणि त्याचे पाय त्याला न विचारता वळले, कोपऱ्यातल्या पिंपाकडे. पिंपावर झाकण होतं. झाकणावर ताई बसल्या होत्या.

"उठा," टेलर म्हणाला.

"पाय दुखतायत."

"ताई!"

"काका, चुन्याची पेटी तिकडे आहे," त्या म्हणाल्या आणि आपल्या नखांकडे बघत राहिल्या.

कोरड्या चुन्यानं भरलेली ती मोठी लाकडी पेटी होती. त्यात तुकडा पुरायचा, वरून पुन्हा चुना ओढायचा, आणि जायचं. बाळाला पांघरूण घालतात तसं. सगळ्यांचे तुकडे आत गेल्यावर सरांनी पेटीला कुलूप लावलं. "सोमवारपर्यंत कुणी उघडायची नाही," ते म्हणाले. "विशेषतः ज्यांचे हात शिवशिवतात त्यांनी." टेलर पाठीमागे हात बांधून उभा राहिला.

दोन दिवस सुट्टी. इतकं रिकामं टेलर कधीच बसला नव्हता. जावई शनिवारी कसल्याशा बैठकीला गेले आणि घरात तो आणि लेक दोघंच राहिले. मधला माणूस नसल्यामुळे बोलणं पूर्ण बंद. ती इस्त्री करत होती. तो बाल्कनीत, त्या लंगड्या स्टँडशेजारी, खुर्चीवर बसला होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ दे, येऊ दे, बस" म्हणत होतं. इस्त्री कापडावरून फिरताना बारीक हुस्स करत होती. त्याला आत जाऊन म्हणावंसं वाटत होतं, काय ते एकदा बोलून टाकू, मिटवून टाकू. ओठांवर आलं होतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की हेही पिंपच आहे. टाकू, मिटवू, संपवू. त्याच्या डोक्यात सगळी क्रियापदं पाण्याचीच होती. तो बसून राहिला. चुन्यात तुकडा निवत असेल. आत्ता किती निवला असेल? हात लावता येईल इतका? नाही. अजून नाही. दुपारी तिनं त्याच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर चहा ठेवला, आणि एरवी वळून जाते तशी न जाता, कठड्याला टेकून खाली रस्त्यावर बघत राहिली. गाडी अजून लागत नव्हती. "येऊ दे, येऊ दे." दोघंही बघत होते. गाडी लागली. ती आत गेली. बायकोचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, "काय म्हणतेय आपली लेक?" टेलर म्हणाला, "काही नाही म्हणाली. बराच वेळ."

सोमवारी परीक्षक आले. जाडजूड, जेवण झालेले, घाई नसलेले गृहस्थ. तुकडे चुन्यातून निघाले तेव्हा पिठात लोळवून काढल्यासारखे दिसत होते. परीक्षकांनी प्रत्येकावर लाल रंग लावला, थांबले, पुसला, आणि वर पांढरी पूड फवारली. कुठे फट असेल तर आत शिरलेला लाल रंग पुडीतून वर उमटतो. टेलरच्या तुकड्यापाशी सगळे जमले. पांढरं. पांढरं. मग एका कोपऱ्यात लाल ठिपका उमटला. टेलरनं डोळे मिटले. "हा बोटाचा आहे," परीक्षक म्हणाले. "कुणी हात लावला?" टेलरनं आपलं लाल झालेलं बोट खिशात घातलं. परीक्षकांनी पुसून पुन्हा पूड मारली. आणखी थांबले. मग तुकडा दोन बोटांनी इकडून तिकडे फिरवत, चेहरा जरा वाकडा करून, शेजारच्या कारकुनाला सांगितलं, "लिहा. दिसायला साधारण. धरून आहे." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी टेलरच्या शिवणीला साधारण म्हटलं होतं. ताईंनी कोपरानं ढोसलं. सर म्हणाले, "अभिनंदन," आणि मग बहुधा सवयीनं, "उद्या प्रमाणपत्राला तरी वेळेवर या."

त्या संध्याकाळी स्कूटरवरून येताना टेलर मनात वाक्य जुळवत होता. जावई खाली दूध आणायला थांबले. तो एकटाच वर आला. लेक बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. टेलरनं चपला काढल्या, त्या नीट एका ओळीत लावल्या, पुन्हा एकदा लावल्या. "पास झालो," तो म्हणाला. तिच्याकडे बघून म्हणाला. दुसरं कुणी नव्हतंच. तिनं मान हलवली. तो समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसला. "त्या दिवशी," तो म्हणाला, "तुझं वाक्य अर्धं राहिलं होतं. मी... मधेच वाढायला सांगितलं." पुढचं वाक्य त्यानं येताना चांगलं जुळवलं होतं. त्यात 'झालं गेलं' होतं आणि 'आता विसरून जाऊ' होतं. ते जिभेवर येऊन उभं राहिलं, आणि त्यानं ते आत ठेवलं. लेकीचे हात एका शर्टाच्या बाहीवर थांबले. तिचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. डोळ्यांच्या कडेला काहीतरी जमलं आणि तिनं ते पुसलं नाही. टेलरनंही ते पुसायला जायची हालचाल केली नाही. त्याचे हात मांडीवर होते, शिवशिवत होते, आणि तो त्यांना धरून बसला होता. पंखा फिरत होता. कुठेतरी वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली. खोलीत कसलातरी आवाज होईल म्हणून टेलर कान देऊन होता, तो ओळखीचा, बारीक, काचेवरचा आवाज. तो काही झाला नाही. तिनं बाहीची घडी घातली, दुसऱ्या बाहीची घातली, शर्ट ढिगावर ठेवला, आणि त्यावर तळहात दाबून धरला.

"बाबा," ती म्हणाली.

"हं?"

"बाल्कनीतला तो स्टँड उद्या तेवढा जोडून आणा ना. यांना सांगून सांगून तोंड दुखलं. आणि आधी त्यावरचे टॉवेल काढून द्या इकडे, वाळलेत."